बर्नचा घड्याळबुरूज बघायचा तर पंचांगाची तयारी करून जा

बाराला दोन मिनिटं कमी असताना मी स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या त्सिटग्लोगे नावाच्या घड्याळबुरुजासमोर पोचलो आणि मान वर करून उभा राहिलो. समोर भलं मोठं डायल, सोनेरी काटे, वर निमुळतं छप्पर. बारा ठोके पडले, मी मोजले, संपले. कोंबडा नाही, अस्वलं नाहीत, काही नाही. भाचीला म्हटलं, "गो, एवढंच?" तिने फोनमधून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "मामा, आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत."

म्हापशाच्या बाजारात बेचाळीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाची ही फजिती. आता आपल्याकडच्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी त्या बाजूला कामाला आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आईवडिलांना बोलावून घेतात, आणि म्हातारी माणसं परत येऊन सांगतात की एक घड्याळ बघितलं, छान होतं. काय बघितलं ते सांगता येत नाही. म्हणून हे लिहितो. मी तिथे नऊ दिवस होतो आणि त्यातले सहा दिवस त्या बुरुजाखाली गेलो. भाची वैतागली, पण शेवटी तिलाही राशी वाचता यायला लागल्या.

आधी बाजूचं बघू, कारण चुकतं ते तिथेच. बुरुजाला दोन मोठी तोंडं आहेत. रेल्वे स्टेशनाकडून मार्क्टगासे नावाच्या रस्त्याने चालत आलात की दिसतं ते पश्चिमेचं तोंड. त्यावरही मोठं डायल आहे आणि आदम-हव्वेचं भित्तिचित्र आहे, व्हिक्टर सुरबेक नावाच्या चित्रकाराने १९२९-३० च्या सुमारास काढलेलं. लोक तिथेच थांबतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही थांबू नका. कमानीखालून पलीकडे जा. पलीकडचा रस्ता क्रामगासे. तिथे वीस-पंचवीस पावलं पुढे चालून मागे वळा. राशींचं डायल, कोंबडा, अस्वलं, विदूषक सगळे या पूर्वेच्या अंगाला आहेत. उगवतीचं तोंड असल्यामुळे सकाळी त्यावर ऊन असतं, दुपारनंतर सावली. दहा किंवा अकराचा ठोका धरा. बाराला गर्दी फार असते आणि तुमच्यासमोर कोणीतरी पोराला खांद्यावर घेऊन उभा राहतो.

रस्त्याच्या मध्ये कारंजी आहेत. बुरुजाजवळच्या कारंज्यावर चिलखत घातलेलं अस्वल उभं आहे, हातात निशाण. तिथे टेकायला जागा मिळते. पण रस्त्यावरून बस जाते, हे विसरू नका. मी मान वर करून मागे मागे सरकत होतो आणि बसवाल्याने घंटा वाजवली तेव्हा मला वाटलं खेळ सुरू झाला.

वेळेचं म्हणाल तर ठोक्याच्या निदान सहा-सात मिनिटं आधी जागा धरा. खेळ तासाला नाही, तासाच्या तीन-चार मिनिटं आधी सुरू होतो.

बुरूज आधी, घड्याळ मागाहून

घड्याळाकडे बघण्यापूर्वी भिंतीकडे बघा. हा मुळात घड्याळाचा मनोरा नव्हे. १२१८ ते १२२० च्या सुमारास बांधलेली ही शहराची वेस. बर्न शहर वसवलं ११९१ मध्ये, त्सेरिंगेन घराण्याच्या पाचव्या बेर्टोल्ड नावाच्या सरदाराने, आणि जागा अशी निवडली की आरे नदी जिभेसारख्या लांबट टेकडीला तीन बाजूंनी वळसा घालते. शापोऱ्याच्या किल्ल्यावर उभं राहिलेल्याला हे सांगावं लागणार नाही. तीन बाजूंना पाणी असलं की खर्च एकाच बाजूचा. बर्नला ती बाजू पश्चिमेची, म्हणून भिंत तिथे आणि भिंतीत दरवाजा म्हणजे हा बुरूज. मी पहिल्या दिवशी ज्या ठिकाणी उभा होतो, तिथे आठशे वर्षांपूर्वी शत्रू उभा राहिला असता. त्यालाही कोंबडा दिसला नसता.

तेव्हा तो सोळाएक मीटर उंच होता आणि शहराच्या अंगाने उघडा होता, पाठ नसलेल्या खुर्चीसारखा म्हणा, त्या बाजूला भिंतच नाही. अशा उघड्या बुरुजात शत्रू शिरलाच तरी आतल्या लोकांवर उलटून लढायला त्याला आडोसा मिळत नाही. मग शहर वाढलं. वेस पुढे सरकली, केफिगटुर्म नावाच्या दुसऱ्या बुरुजापर्यंत, आणि आमचा बुरूज दुसऱ्या फळीत गेला. घरांच्या वरून दिसावं म्हणून १२७० नंतर त्याला सातेक मीटरनी उंच केलं. पुढे १३४४-४६ मध्ये वेस आणखी पुढे गेली, क्रिस्टोफेलटुर्मपर्यंत, आणि याचं लढाईचं काम संपलं. बेकार झालेल्या बुरुजाचं काय करतात? तुरुंग. पाद्र्यांशी संबंध ठेवल्याचा ठपका असलेल्या बायकांना यात कोंडत. पाद्र्यांना कुठे कोंडत, असं मी विचारलं तेव्हा भाची म्हणाली, "मामा, हळू बोल."

१४०५ मध्ये शहराला मोठी आग लागली, बुरूज आतून जळून गेला, तुरुंग उठला. दुरुस्ती झाली तेव्हा वर घड्याळ आणि घंटा आली. घंटा त्याच वर्षी ओतलेली, वजन सुमारे १४०० किलो, आणि आजही तीच वाजते. बर्नच्या बोलीत त्सिट म्हणजे वेळ, ग्लोगे म्हणजे घंटा. म्हणजे नावसुद्धा घंटेचं आहे, घड्याळाचं नाही. हे मला फार पटलं. आपल्या फोंड्याकडच्या देवळांत महाद्वारावर नगारखाना असतो. दरवाजाच्या डोक्यावर बसून वेळ सांगायची, डोळ्यांना नव्हे, कानांना. शेतात वाकलेल्या माणसाला डायल कुठून दिसणार?

हा सगळा क्रम पायांनी बघता येतो, आणि तसाच बघा. स्टेशनाच्या भुयारी वाटेत क्रिस्टोफेलटुर्मचे अवशेष आहेत. तो बुरूज १८६५ मध्ये पाडला. तिथून बाहेर पडून पूर्वेकडे चालत सुटा. वाटेत केफिगटुर्म लागतो, मग त्सिटग्लोगे. दहा-बारा मिनिटांत तीन वेशी, आणि प्रत्येक पुढची आधीच्याहून जुनी. पाऊस आला तर घाबरू नका, दोन्ही बाजूंना कमानींच्या पडव्या आहेत, सगळ्या मिळून सहा किलोमीटर. आपल्या घरांचे बाल्कांव, म्हणजे दारापुढच्या बसायच्या पडव्या, एकाला एक जोडत नेले तर जसं होईल तसं. जूनमध्ये पणजीत असं काही असतं तर माझ्या दोन छत्र्या वाचल्या असत्या.

कमानीतून जाताना भिंतीकडे लक्ष ठेवा. तिथे लांबीची प्रमाण मापं लावलेली आहेत, मीटर आणि दुहेरी मीटर. बाजारात कापडवाल्याशी भांडण झालं की इथे येऊन मोजायचं. आणि या प्रांतातल्या रस्त्यांवरचे जुने तासाचे दगड, म्हणजे अमुक दगडापासून चालत इतके तास, ते याच बुरुजापासून मोजलेले.

चार मिनिटांचा खेळ

आता कारंज्यापाशी उभे आहात, दहाला पाच कमी. डायलच्या बगलेला एका कोनाड्यात सगळी मंडळी आहेत. एकाच वेळी सगळं बघायला जाऊ नका, काहीच दिसत नाही. मी सहा दिवसांत एकेक बघितला, तुम्ही निदान दोनदा बघा.

पहिला कोंबडा. भात्याच्या हवेने ओरडतो, आणि आवाज कोंबड्याचा कमी, सर्दी झालेल्या म्हाताऱ्याचा जास्त. ऐकून हसू येतं. मग वरचा विदूषक दोन घंटा हलवतो आणि खाली अस्वलांची मिरवणूक फिरते. अस्वल म्हणजे बर्नचं बोधचिन्ह. विदूषकाची घंटा तासाच्या आधी वाजते, हे लक्षात घ्या. खरी वेळ अजून व्हायचीय आणि शहाणे गप्प आहेत. कोंबडा दुसऱ्यांदा ओरडतो. आता मान आणखी वर करा, अगदी टोकाकडे. तिथे चिलखतातला सोनेरी माणूस घंटेजवळ उभा आहे, त्याचं नाव हान्स फॉन थान. तास होताच तो ठोके देतो. आत्ताची मूर्ती १९३० ची, लाकडाची, जुनीची नक्कल. पण माझं ऐका, ठोके पडताना त्याच्याकडे बघू नका. खाली कोनाड्यात दाढीवाला क्रोनोस बसलाय, काळाचा देव. तो वाळूचं घड्याळ उलटं करतो आणि प्रत्येक ठोक्याला तोंड उघडून, राजदंड हलवून मोजतो. शेजारचा सिंह मान वळवतो. दहा ठोक्यांना दहा वेळा तोंड. माझी आजी जपमाळ ओढताना ओठ तसेच हलवायची. सगळं आटपलं की कोंबडा तिसऱ्यांदा ओरडतो. तोपर्यंत निम्मे लोक गेलेले असतात. तुम्ही थांबा.

डायल वाचायला पंचांग

इथे मात्र वेळ द्या. हे पंधराव्या शतकातलं खगोलीय डायल आहे आणि बघायला गुंतागुंतीचं वाटतं. माझ्याबरोबर उभे असलेले लोक, ते तिथले असोत की बाहेरचे, त्याचं कौतुक करून पुढे जात होते. ज्याच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे आणि ज्याच्या घरात लग्नाचा मुहूर्त काढताना चर्चा होते, त्याला ते बऱ्यापैकी वाचता येतं.

डायलच्या वर निळ्या पट्ट्यात पाच माणसं रंगवली आहेत. त्यांना डावीकडून उजवीकडे वाचा. पहिला विळावाला, तो शनी. दुसरा हातात वीज घेतलेला, गुरू. तिसरा ढालतलवारीचा, मंगळ. चौथी बाई, जवळ लहान मूल, ती शुक्र. त्यांच्याकडे शुक्र बाई आहे, आपल्याकडे दाढीवाला गुरुजी, तेवढं चालवून घ्या. पाचवा पिशवी आणि दंड घेतलेला, बुध, व्यापाऱ्यांचा. शनी, गुरू, मंगळ, शुक्र, बुध. हा क्रम वारांचा नाही, मग कसला? होऱ्याचा, म्हणजे दिवसाच्या एकेका तासावर ज्या क्रमाने एकेका ग्रहाचा हक्क असतो त्याचा. आकाशात सर्वात सावकाश चालणारा शनी आधी, मग कमी कमी सावकाश. मंगळ आणि शुक्राच्या मध्ये रवी घाला, बुधाच्या मागे सोम, की पंचांगातला होरा पुरा झाला. रवी आणि सोम चित्रात नाहीत कारण ते खाली डायलवर काट्यांच्या रूपाने फिरतायत.

उभ्या उभ्या एक गणित करा, पोरं बरोबर असतील तर त्यांना करायला लावा. शनिवारी पहिला होरा शनीचा. याच क्रमाने बोटांवर चोवीस मोजा. सातांच्या तीन फेऱ्या होऊन तीन उरतात, शनी, गुरू, मंगळ. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. रवीपासून पुन्हा मोजलंत तर सोम येतो, त्याच्यापुढे मंगळ. वार असे ठरले आहेत. हे माझ्या वडिलांनी मला दुकानात गिऱ्हाईक नसताना शिकवलं होतं, आणि साठी उलटल्यावर ते एका परक्या भिंतीवर चितारलेलं सापडलं. मी भाचीला समजावत होतो तेव्हा शेजारची एक जपानी बाई थांबून ऐकत होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण बोटं मोजत होती.

आता डायल. कडेला रोमन आकडे, एक ते बारा दोनदा, म्हणजे चोवीस तास. आत तीन रंगांचं आकाश: फिकट निळं दिवसाचं, गडद निळं संधिप्रकाशाचं, काळं रात्रीचं. सूर्याचा काटा कुठल्या रंगावर आहे ते बघा. दिवसाच्या आकाशात सोनेरी वाकड्या रेघा आहेत, सुंदर दिसतात आणि लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी नाही. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा सारखे भाग आहेत ते. राहुकाळ काढताना आपण दिवसाचे आठ भाग करतो, तसेच हे बारा. दिवस मोठा की तास मोठा. बर्नला जूनमध्ये सूर्य पावणेसोळा तासांच्या आसपास वर असतो, म्हणजे असा एक तास सुमारे ७९ मिनिटांचा. डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचा, तास बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटांचा. गोव्यात हा फरक किरकोळ, पासष्ट आणि छप्पन्न, म्हणून आपल्याला जाणवत नाही. राहुकाळावरून आठवलं, शुक्रवारचा राहुकाळ साधारण साडेदहा ते बारा, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या दुकानावर सर्वात जास्त गर्दी नेमकी तेव्हाच. बेचाळीस वर्षं मी राहूचं खाल्लं.

राशींचं कडं मध्यावर नाही, एका बाजूला सरकल्यासारखं दिसतं. बिघडलेलं नाही, आकाशाचा गोल सपाट पत्र्यावर उतरवायचा तर तसंच करावं लागतं. सूर्याचा काटा दिवसात एक फेरी मारतो, राशींचं कडं त्याच्यापेक्षा रोज चारेक मिनिटं पुढे जातं. काटा ३६५ फेऱ्या करतो तेवढ्यात कडं ३६६. त्यामुळे सूर्य महिन्याला एक रास मागे सरकत वर्षभरात सगळ्या राशी फिरतो. दात मोजून हे साधणाऱ्या कारागिराला माझा नमस्कार.

इथे माझी दुसरी फजिती झाली. आम्ही गेलो ते चवथ आटपून, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. सूर्य डायलवर तुळेत शिरलेला. मी खिशातून पंचांगाचं पान काढलं, त्यात सूर्य कन्येत. मला कोण आनंद. इतक्या नावाजलेल्या घड्याळाची चूक म्हापशाच्या माणसाने पकडली! संध्याकाळी चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या राशी सायन, विषुवदिनापासून मोजलेल्या. आपल्या निरयन, ताऱ्यांवरून मोजलेल्या. दोन्हींत आज चोवीस अंशांच्या आसपास अंतर आहे. त्यांचा सूर्य मेषेत २०-२१ मार्चला, आपला १४ एप्रिलला. त्यांची मकर २१-२२ डिसेंबरला, आपली तिळगुळाची संक्रांत १४ जानेवारीला. तेव्हा डायलवर जी रास दिसेल त्यातून चोवीस अंश वजा करा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर हमखास एका राशीचा फरक दिसेल, सतरा-अठरा तारखेच्या सुमारास गेलात तर मात्र दिसणार नाही.

चंद्राची कला दाखवणाराही भाग आहे. अर्धा उजळ दिसला की अष्टमीच्या आसपास समजा. एकादशी करणाऱ्यांनी मात्र उपास घड्याळावर सोडू नये.

दुपार कधी होते, हाही एक खेळ आहे. बर्नला सूर्य डोक्यावर येतो तो त्यांच्या हिवाळी वेळेने साडेबाराच्या सुमारास, उन्हाळी वेळेत दीडच्या सुमारास, कारण त्यांची वेळ पंधरा अंश रेखांशाची आणि बर्न साडेसातवर. एका अंशाला चार मिनिटं. गोव्याचंही तसंच. आपली वेळ साडेब्याऐंशी अंशांची, आपण चौऱ्याहत्तरच्या जवळ, म्हणून पणजीत मध्यान्ह बारा वाजून चौतीस-पस्तीस मिनिटांच्या मागेपुढे. दोन्ही गावं आपापल्या सरकारी वेळेच्या अर्धा तास मागे. आम्हा गोंयकारांना सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणतात, निदान अर्ध्या तासाला आता पुरावा आहे.

आत जायचं असेल तर

आत एकट्याने फिरता येत नाही, मार्गदर्शकाबरोबर जावं लागतं, आणि फेऱ्यांच्या वेळा मोसमाप्रमाणे बदलतात. आधी चौकशी करून तिकीट काढा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खाली कारंज्यापाशीच बरं. सगळा बुरूज टोकापर्यंत ५४.५ मीटर. जुन्या गोव्यातला सांत आगोस्तिनचा पडका मनोरा ज्यांनी बघितलाय त्यांनी अंदाज बांधावा, तो ४६ मीटरचा होता.

घड्याळाच्या खोलीत गेलात की थोडा वेळ बोलू नका. आवाज ऐका. भलामोठा लोखंडी सांगाडा, कास्पार ब्रुनर नावाच्या कारागिराने १५३० मध्ये पुरा केलेला, आणि आत वेगवेगळ्या कामांच्या पाच गाड्या, म्हणजे दातेरी चाकांच्या साखळ्या: वेळेची, तासाच्या ठोक्यांची, पाव तासांची, अस्वलांची, कोंबड्याची. लंबक दिसेल तो मागाहून बसवलेला. लंबकाचं घड्याळ हॉयगेन्स नावाच्या शास्त्रज्ञाने केलं १६५६ मध्ये, ब्रुनरला ते माहीत असणं शक्य नाही. वजनं दोरांनी खाली उतरतात आणि रोज वर ओढावी लागतात, हाताने. पाच शतकं रोज कोणीतरी तिथे चढलं आहे. आमच्याकडे आठवड्याची चावी द्यायला विसरतात आणि मग घड्याळ बंद पडलं म्हणून दुकानात आणतात.

आता काय शोधायचं ते सांगतो. जुन्या ठोक्यांच्या घड्याळात एक चाक असतं, त्याच्या कडेला खाचा, आणि खाचांमधलं अंतर वाढत जाणारं. एक ठोका, मग खाच. दोन ठोके, खाच. असं बारापर्यंत, बारा तासांत एकूण ७८ ठोके. त्या चाकाला किती वाजलेत ते ठाऊक नसतं, फक्त मागच्या वेळी किती ठोके दिले ते ठाऊक असतं. हे मी पुस्तकात शिकलो नाही. बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर एका देवळात गेलो होतो, तिथल्या भिंतीवरच्या जर्मन घड्याळाला तेल द्यायला. वडील पाणी प्यायला गेले, मी वेळ लावण्यासाठी काटा सरसर फिरवला, ठोके पूर्ण होऊ न देता. संध्याकाळच्या आरतीला घड्याळाने सातच्या जागी चार ठोके दिले. भटजी म्हणाले, देवाला घाई नाही, पण मला आहे. वडील स्टुलावर चढले आणि खटका उचलून एकेक ठोका वाजवून घेतला, पाच, सहा, सात, प्रत्येक पूर्ण होऊ देत. आरती तेवढा वेळ थांबली. मला ओरडले नाहीत. घरी जाताना फक्त म्हणाले, काटा कधी ठोक्याच्या पुढे पळवू नये.

दुसरं, ठोक्यांच्या गाडीच्या शेवटी पंखी शोधा. ठोके पडायला लागले की ती गरगर फिरते. वारा घालण्यासाठी नाही. वाऱ्याला अडून ती चाकांना लगाम घालते, म्हणून दोन ठोक्यांत सारखं अंतर राहतं. भिंतीवरच्या घड्याळात ती बोटाच्या पेराएवढी असते. मी इतकी वर्षं चिमट्याने धरली ती वस्तू तिथे कोणाच्या चिमट्यात मावणार नाही.

वर गेल्यावर छपरं दिसतात, हवा साफ असेल तर बर्फाचे डोंगरही. छान आहे, पण डोंगर तुम्हाला त्या देशात सगळीकडे दिसतील.

परत खाली आलात की क्रामगासेवर ४९ नंबरचं घर आहे, आइनस्टाइन १९०३ ते १९०५ तिथे राहत होते, पेटंट कचेरीत नोकरी करत होते. बुरुजाच्या घड्याळावरून त्यांना सापेक्षता सुचली असं सांगतात. मला ती गोष्ट जरा सोयीची वाटते, पण घर बघायला हरकत नाही.

राहता राहिलं सहलीवाल्यांचं. पर्यटन कंपनीबरोबर जात असाल तर ते बर्नला वीस मिनिटं थांबवतात, हे मी ओळखीच्या तीन-चार जणांकडून ऐकलं. वीस मिनिटांत ठोका सापडला तर सापडला. झ्युरिखहून आगगाडीने तासाभरात पोचता येतं, तेव्हा एक सकाळ वेगळी काढा. सकाळी साडेनऊला स्टेशनाखालचे अवशेष, मग चालत दहाचा ठोका, मग डायल, मग कॉफी, मग अकराचा ठोका कोंबड्यासाठी. आणि निघण्याआधी घरचं कालनिर्णय उघडून त्या दिवसाची तिथी आणि सूर्याची रास एका चिठ्ठीवर लिहून घ्या. फोनवर बघू म्हणाल, पण उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि तेवढ्यात कोंबडा ओरडून मोकळा होतो.

शेवटच्या सकाळी भाचीच कामाला जाताजाता माझ्याबरोबर आली. अकराला चार कमी असताना तिने मला कोपराने ढोसलं, "मामा, चल, विदूषक." मी आपलं एचएमटी बघितलं. माझं दोन मिनिटं मागे होतं.